संगणकावरून प्रोजेक्टर चालवणं: सिरियल आणि नेटवर्क आज्ञांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजचा सेमिनार हॉल, नाट्यगृह, संस्थेचं सभागृह, छोटं संग्रहालय अशा ठिकाणी छताला टांगलेला प्रोजेक्टर ज्यांना रिमोटऐवजी संगणकावरून चालवायचा आहे, त्यांच्यासाठी हे पान आहे. आज्ञांमधली इंग्रजी अक्षरं इथे फोनवर एकमेकांना सांगतो तशी सुटी सुटी, देवनागरीत लिहिली आहेत. संगणकावर टाइप करताना ती रोमन लिपीत, मधली जोडरेघ न टाकता लिहायची, आकडेही इंग्रजीच.

रिमोट आहे की! मग हा खटाटोप कशाला?

एकच खोली आहे, एकच प्रोजेक्टर आहे आणि कार्यक्रमाच्या वेळी तुम्ही समोर हजर असता, तर खरंच गरज नाही. रिमोटचे सेल बदलत राहा.

पण रिमोट एकतर्फी बोलतो. बटण दाबलं, पुढे प्रोजेक्टरने ऐकलं की नाही हे डोळ्यांनीच बघावं लागतं. सिरियल केबलवर (संगणक आणि प्रोजेक्टर थेट जोडणारी जुनी पद्धत) किंवा नेटवर्कवर प्रोजेक्टर उत्तर देतो: चालू आहे, गरम होतोय, थंड होतोय, लॅम्पचे इतके तास झाले, फिल्टर तुंबलाय. दहा वर्गांपैकी कुठला प्रोजेक्टर रात्रभर चालू राहिला हे शिपायाला चकरा न मारता कळतं. या सगळ्या उपद्व्यापाचा खरा फायदा ही उत्तरं आहेत. नुसतं चालू-बंद करायला इतकी मेहनत घ्यायचं कारण नाही.

माझ्या प्रोजेक्टरला हे जमेल का?

मागची बाजू बघा. नऊ पिनांचं, इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचं सॉकेट आणि त्यावर ‘आरएस-२३२’, ‘सिरियल’ किंवा ‘कंट्रोल’ असं लिहिलेलं असेल तर सिरियल आहे. त्याच्यासारखंच दिसणारं निळं, पंधरा भोकांचं सॉकेट व्हीजीएचं. त्याचा इथे संबंध नाही. काही लहान मॉडेलांत सिरियलसाठी हेडफोनसारखं बारीक सॉकेट देतात आणि त्याची केबल वेगळी मागवावी लागते. लॅन सॉकेट आणि जवळ ‘पीजेलिंक’ या सगळ्या कंपन्यांच्या सामाईक आज्ञाभाषेचं चिन्ह असेल तर काम सगळ्यात सोपं (त्याबद्दल खाली). पेनड्राइव्हच्या यूएसबी सॉकेटवरून मात्र सहसा काही होत नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त अँड्रॉइड प्रोजेक्टरांत बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं.

सिरियल घेऊ की नेटवर्क?

भिंतीपर्यंत लॅन आलेली असेल तर नेटवर्क घ्या. एका संगणकावरून सगळ्या खोल्या दिसतात आणि जास्तीची केबल ओढावी लागत नाही.

सिरियल जुनं आहे. आरएस-२३२ हे मानक १९६० सालचं, पण अजून टिकून आहे ते उगाच नाही. त्याला आयपी पत्ता नको, पासवर्ड नको, मधला नेटवर्क स्विच बंद पडायची भीती नको. बऱ्याच मॉडेलांत प्रोजेक्टर गाढ स्टँडबायमध्ये असला तरी सिरियलवर जागा होतो. नेटवर्कवर तसं होईलच असं नाही (त्याबद्दल खाली). केबलच्या लांबीसाठी १५ मीटरचा जुना दंडक आहे. कमी वेगाला चांगल्या केबलवर त्याहून लांब काम होतं, पण छतात एकदा पाइप बंद केल्यावर पुन्हा उकरायची वेळ नको. अंतर जास्त असेल तर प्रोजेक्टरजवळ एक छोटा सिरियल-ते-लॅन डबा बसवा आणि पुढे नेटवर्क केबलने या.

सिरियल केबल जोडली, तरी काहीच होत नाही. आता?

दहातल्या बहुतेक तक्रारी इथेच असतात, म्हणून हे जरा सविस्तर.

केबल दोन प्रकारची असते. सरळ केबलमध्ये पिन २ समोरच्या पिन २ ला जाते. क्रॉस केबलमध्ये २ आणि ३ ची अदलाबदल होते. संगणकाच्या बाजूला २ नंबरवर ऐकायचं, ३ नंबरवर बोलायचं आणि ५ नंबर ग्राउंड. दोन्हीकडे बोलणाऱ्या पिना एकमेकींना जोडल्या गेल्या तर दोघंही बोलतात आणि ऐकत कोणीच नाही. कुठल्या प्रोजेक्टरला कुठली केबल हे कंपनीनुसार बदलतं, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही बदलतं. मॅन्युअलमध्ये पिनांची आकृती असते, तीच प्रमाण धरा. दुकानदाराने काय सांगितलं ते नाही.

प्रोजेक्टरला हात लावण्याआधी स्वतःची बाजू तपासा. केबलचं प्रोजेक्टरकडचं टोक काढा आणि त्यातल्या पिन २ आणि ३ एका जेमक्लिपने जोडा. संगणकावर पुट्टी (सिरियलवर अक्षरं पाठवायचा आणि आलेली बघायचा प्रोग्रॅम) उघडून काहीही टाइप करा. टाइप केलेलं अक्षर स्क्रीनवर परत दिसलं, म्हणजे संगणक, ड्रायव्हर, यूएसबी कन्व्हर्टर आणि केबल चारही ठीक. (पुट्टीमधला ‘लोकल इको’ आधी बंद करा, नाहीतर केबल नसतानाही अक्षरं दिसतील आणि उगाच समाधान वाटेल.) अक्षर आलं नाही तर दोष तुमच्याकडेच आहे, शिडी लावून वर चढू नका.

आजच्या लॅपटॉपला सिरियल सॉकेट नसतं, त्यामुळे यूएसबी कन्व्हर्टर लागतोच. एफटीडीआय चिपचा थोडा महाग पडतो, पण त्रास कमी देतो. प्रोलिफिकच्या जुन्या किंवा नकली चिपा नव्या विंडोजवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि ‘कोड १०’ दाखवून बसून राहतात. कन्व्हर्टर दुसऱ्या यूएसबी सॉकेटमध्ये खुपसला की कॉम पोर्टचा नंबर बदलू शकतो, तेही बघा. लिनक्सवर परवानगी नाकारली जात असेल तर तुमचं खातं ‘डायलआउट’ गटात घाला.

अर्डुइनो किंवा रास्पबेरी पाय वापरणाऱ्यांनी एक सांभाळावं. त्यांच्या पिनांवर ५ किंवा ३.३ व्होल्ट असतात, तर आरएस-२३२ वर उणे-अधिक १५ व्होल्टपर्यंत जातं. मध्ये व्होल्टेज जुळवणारी मॅक्स-३२३२ सारखी चिप नसेल तर बोर्ड जळेल.

बॉड रेट (सिरियलवर बोलायचा वेग) किती ठेवायचा?

मॅन्युअलमध्ये असेल तो. एप्सन आणि ऑप्टोमा साधारणपणे ९६००, एनईसी ३८४००, बेनक्यूच्या बऱ्याच मॉडेलांत ११५२००. काहींमध्ये मेन्यूतून बदलता येतो. बाकीचं जवळजवळ सगळीकडे सारखं: ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल नाही. पुट्टीमध्ये फ्लो कंट्रोल ‘एक्सऑन/एक्सऑफ’वर ठेवलेला असतो, तो ‘नन’ करा. उत्तरात वेडीवाकडी चिन्हं आली तर बॉड रेट चुकलाय, पण केबल बरोबर आहे. अजिबात काही आलं नाही तर आधी केबल बघा.

पहिली आज्ञा कशी देऊ?

एप्सनवर शिकणं सोपं जातं. ९६०० ला जोडा आणि नुसतं एंटर दाबा. उत्तरात एक कोलन येतो. तो आला की प्रोजेक्टर तुमचं ऐकतोय. आता पी-डब्ल्यू-आर आणि लगेच प्रश्नचिन्ह टाइप करून एंटर. उत्तरात पी-डब्ल्यू-आर, बरोबरचं चिन्ह आणि दोन आकडे येतात: ०० किंवा ०४ म्हणजे स्टँडबाय, ०१ चालू, ०२ गरम होतोय, ०३ थंड होतोय, ०५ म्हणजे काहीतरी बिघाड होऊन स्टँडबायला गेलाय. चालू करायला पी-डब्ल्यू-आर, एक मोकळी जागा, ओ-एन. बंद करायला ओ-एफ-एफ. चालू करताना पुढचा कोलन यायला वेळ लागू शकतो. तेवढ्यात दुसऱ्या आज्ञा कोंबू नका.

बाकीच्या कंपन्यांची बोली वेगळी. बेनक्यूला आधी एक एंटर, मग तारांकन, पी-ओ-डब्ल्यू, बरोबरचं चिन्ह, ओ-एन, हॅश आणि पुन्हा एंटर लागतो. ऑप्टोमाला लाटेसारखं टिल्ड चिन्ह, दोन आकडी आयडी (०० म्हणजे सगळे), ०० हा आज्ञेचा नंबर, मोकळी जागा आणि १. यशस्वी झालं तर पी, नाहीतर एफ उत्तर येतं. पॅनासोनिक पी-ओ-एन या तीन अक्षरांच्या आधी ०२ आणि नंतर ०३ ही न दिसणारी बाइट मागतो. एनईसीला तर अक्षरंच नकोत, सहा बाइट हव्यात: चालू करायला ०२ ०० ०० ०० ०० ०२, बंद करायला ०२ ०१ ०० ०० ०० ०३. शेवटची बाइट ही आधीच्या पाचांची बेरीज आहे. ती चुकली की आज्ञा फुकट.

आज्ञा अगदी मॅन्युअलप्रमाणे लिहिली, तरी प्रोजेक्टर ढिम्म!

आज्ञेच्या शेवटी काय जातंय ते बघा. बहुतेक प्रोजेक्टरांना ओळ संपल्याची खूण म्हणून कॅरेज रिटर्न, म्हणजे हेक्समध्ये (सोळाच्या पटीतल्या आकड्यांत) ०-डी ही न दिसणारी बाइट हवी असते. लिनक्सवर ‘इको’ वापरलं तर शेवटी लाइन फीड, म्हणजे ०-ए जाते. प्रोजेक्टर बिचारा ओळ संपायची वाट बघत बसतो. अर्डुइनोच्या सिरियल मॉनिटरमध्ये ओळीच्या शेवटासाठी पर्याय असतो, तिथेही हेच.

दुसरी खोच टक्क्याच्या चिन्हाची. पीजेलिंकची प्रत्येक मूळ आज्ञा टक्का आणि १ ने सुरू होते. विंडोजच्या बॅच फाइलमध्ये टक्का-एकचा अर्थ ‘फाइलला दिलेला पहिला शब्द’ असा होतो, त्यामुळे आज्ञेचं डोकंच गायब होतं. लिनक्सच्या ‘प्रिंटएफ’मध्येही टक्का हे खास चिन्ह आहे. दोन्हीकडे टक्का दोनदा लिहायचा. हाताने टाइप केल्यावर चालतं आणि फाइलमधून चालत नाही, अशी तक्रार आली की पहिला संशय इथेच घ्यावा.

पीजेलिंक म्हणजे नेमकं काय?

प्रत्येक कंपनीची बोली वेगळी, यावरचा उतारा. जपानमधल्या जेबीएमआयए या कार्यालयीन यंत्रउत्पादकांच्या संघटनेने ठरवलेली ही सामाईक भाषा. एप्सन, पॅनासोनिक, एनईसी, सोनी, बेनक्यू यांच्या नेटवर्क असलेल्या बहुतेक मॉडेलांत ती असते. टीसीपी पोर्ट ४३५२.

जोडणी झाली की प्रोजेक्टर आधी बोलतो. ‘पीजेलिंक ०’ म्हणाला तर पासवर्ड नाही, सरळ कामाला लागा. टक्का, १, पी-ओ-डब्ल्यू-आर, मोकळी जागा, प्रश्नचिन्ह, कॅरेज रिटर्न. उत्तरात तीच अक्षरं, बरोबरचं चिन्ह आणि एक आकडा: ० स्टँडबाय, १ चालू, २ थंड होतोय, ३ गरम होतोय. प्रश्नचिन्हाच्या जागी १ दिला तर चालू, ० दिला तर बंद.

इनपुट बदलायला आय-एन-पी-टी आणि दोन आकडे. पहिला आकडा जात सांगतो: १ व्हीजीएसारखं आरजीबी, २ जुना व्हिडिओ, ३ डिजिटल म्हणजे एचडीएमआय वगैरे, ४ पेनड्राइव्हसारखं स्टोरेज, ५ नेटवर्क. दुसरा आकडा त्या जातीतला क्रमांक. पण पहिलं एचडीएमआय म्हणजे ३१ च असेल असं समजू नका, ते ३२ ही निघतं. आय-एन-एस-टी आणि प्रश्नचिन्ह पाठवा, प्रोजेक्टर स्वतःची यादी देतो.

चुकलं तर उत्तरात ई-आर-आर आणि आकडा. १: ही आज्ञाच मला माहीत नाही. २: आज्ञा कळली, पण पुढचा आकडा चुकीचा. ३: आत्ता जमणार नाही. ४: मशीनमध्येच बिघाड आहे. यातला ३ रोज भेटतो. स्टँडबायमध्ये असताना इनपुट बदलायला सांगितलं की हेच उत्तर मिळतं.

आणि ‘ओके’ आलं म्हणजे काम झालं असं नाही. आज्ञा स्वीकारली एवढाच त्याचा अर्थ. पडद्यावर चित्र यायला अजून वेळ आहे. काम झालं की नाही हे पुन्हा विचारूनच कळतं.

दुसऱ्या वर्गाच्या (‘क्लास २’) पीजेलिंकमध्ये टक्का-२ ने सुरू होणाऱ्या आज्ञा वाढल्या: चित्र गोठवणं, आवाज वर-खाली, सिरियल नंबर विचारणं, शिवाय नेटवर्कवर हाळी देऊन कोण कोण आहे ते शोधणं. प्रत्येक प्रोजेक्टरचा आयपी पत्ता वहीत लिहून ठेवणाऱ्यांची यातून सुटका होते. मात्र मशीन दुसऱ्या वर्गाचं हवं. सी-एल-एस-एस विचारून बघा.

‘पीजेलिंक १’ आणि पुढे आठ अक्षरं येतात. ती कशाची?

पासवर्ड लावलेला आहे. ती आठ अक्षरं दर जोडणीला नवी असतात. त्यांना लागूनच, मोकळी जागा न सोडता, पासवर्ड जोडायचा, सगळ्याचा एमडी५ (मजकुरापासून ठरावीक लांबीचा सांकेतिक ठसा बनवायची पद्धत) काढायचा आणि येणारी ३२ अक्षरं पहिल्या आज्ञेच्या आधी चिकटवून पाठवायची. त्याच जोडणीतल्या पुढच्या आज्ञांना ती लागत नाहीत. चुकलं तर शेवटी ई-आर-आर-ए येतं. लिनक्सवर ‘इको’ने एमडी५ काढताना शेवटची लाइन फीड त्यात मिसळली की उत्तर कायम चुकतं.

चालू असताना नेटवर्कवर सापडतो, बंद केला की गायब. कसं?

स्टँडबायचं सेटिंग. युरोपच्या नियमांनी २०१३ पासून स्टँडबायमधली वीज ०.५ वॅटवर आणली, तेव्हापासून बरेच प्रोजेक्टर कारखान्यातून ‘इको’ स्टँडबायवरच येतात. वीज वाचवण्यासाठी त्यात लॅनही बंद होतं. मेन्यूमध्ये स्टँडबाय मोड ‘नेटवर्क’, ‘कम्युनिकेशन ऑन’ किंवा ‘नॉर्मल’ करा. नाव कंपनीप्रमाणे बदलतं. प्रोजेक्टर छताला टांगायच्या आधी, खाली टेबलावर असतानाच हे करून घ्या.

बंद केला आणि लगेच चालू करायला गेलो तर ऐकत नाही.

ऐकू नये हेच बरोबर. लॅम्पच्या प्रोजेक्टरात उच्च दाबाचा पाऱ्याचा दिवा असतो. तापलेल्या अवस्थेत त्याच्या आतला दाब इतका वाढलेला असतो की ठिणगी पेटवणं अवघड जातं, आणि जबरदस्ती केली तर लॅम्पचं आयुष्य घटतं. म्हणून पंखा चालू ठेवून मशीन थंड होतं आणि तोवर ‘आत्ता नाही’ म्हणतं. काही मॉडेल ‘ओके’ म्हणून थंड झाल्यावर आपोआप लागतात, काही आज्ञा सोडून देतात. म्हणून प्रोग्रॅममध्ये आधी स्थिती विचारा, पीजेलिंकवर २ आलं तर थांबा, ० आल्यावरच १ पाठवा.

मध्यंतरात पडदा काळा करायचा असेल तर बंद-चालूच्या भानगडीत पडूच नका. पीजेलिंकची ए-व्ही-एम-टी ३१ ही आज्ञा पाठवा, चित्र आणि आवाज दोन्ही थांबतात. ३० पाठवलं की परत येतात. नाट्यगृहातल्या तिसऱ्या घंटेला लॅम्प गरम होण्याची वाट बघण्यापेक्षा हे बरं.

मध्येच लाइट गेली तर?

लाइट परत आल्यावर प्रोजेक्टर स्टँडबायला थांबेल की आपोआप लागेल हे ‘डायरेक्ट पॉवर ऑन’ या सेटिंगवर ठरतं. भारनियमन असलेल्या गावात ते बंदच ठेवा, नाहीतर पहाटे तीनला लाइट आली की रिकाम्या हॉलमध्ये लॅम्प जळत बसतो. संगणक सुरू झाल्यावर ‘मघाशी चालू होता म्हणजे आताही असेल’ असं प्रोग्रॅमने गृहीत धरू नये. आधी विचारावं. स्विच आणि राउटर यूपीएसवर ठेवा. प्रोजेक्टर लागला आणि राउटर अजून उठतोय, असं होत नाही.

बिघाड आधी कळेल का?

पीजेलिंकवर ई-आर-एस-टी विचारा. सहा आकडे येतात, अनुक्रमे पंखा, लॅम्प, तापमान, झाकण, फिल्टर आणि इतर. ० ठीक, १ इशारा, २ बिघाड. म्हणजे ००१०१० आलं तर तापमान आणि फिल्टर दोन्हींचा इशारा आहे, आणि बहुतेक वेळा कारण एकच: धूळ. मार्च-एप्रिलमध्ये ही जोडी बघायची सवय होते. फिल्टर साफ केल्यावर दोन्ही शून्यावर येतात. एल-ए-एम-पी विचारलं तर लॅम्पचे तास मिळतात. महिन्यातून एकदा सगळ्या खोल्यांचे तास एका तक्त्यात उतरवले तर नवा लॅम्प मागवायची वेळ परीक्षेच्या आदल्या दिवशी येत नाही.

रोज आपोआप चालू-बंद करायचा असेल तर?

पायथॉनमध्ये पंधरा-वीस ओळींत होतं. सिरियल असेल तर ‘पायसिरियल’ ही लायब्ररी, नेटवर्क असेल तर साधं सॉकेट. वेळ पाळायला विंडोजवर टास्क शेड्युलर, लिनक्सवर क्रॉन. प्रोग्रॅमचा क्रम असा ठेवा: जोडा, स्थिती विचारा, गरज असेल तरच आज्ञा द्या, मग पाच-दहा सेकंदांनी पुन्हा विचारत राहा. दोन-तीन मिनिटांत हवी ती स्थिती आली नाही तर कोणालातरी मेसेज जाऊ द्या.

दर सेकंदाला प्रश्न विचारून प्रोजेक्टरला भंडावून सोडू नका. त्याच्यातला नेटवर्कचा भाग अगदी साधा असतो. काही मॉडेल एका वेळी एकच जोडणी घेतात, आणि तुमची खिडकी उघडी राहिली तर दुसऱ्याला आत येता येत नाही. पीजेलिंकवर ३० सेकंद शांतता राहिली की प्रोजेक्टर स्वतःच जोडणी तोडतो. त्याला बिघाड समजू नका, नव्याने जोडा.

बाहेरून, इंटरनेटवरून चालवता येईल का?

येईल, पण राउटरवर ४३५२ पोर्ट उघडून नाही. आज्ञा उघड्यावरून जातात आणि एमडी५ ही १९९२ साली प्रसिद्ध झालेली पद्धत आज सुरक्षित मानली जात नाही. बाहेरून यायचं असेल तर व्हीपीएनने, म्हणजे संस्थेच्या नेटवर्कमध्ये नेणाऱ्या सुरक्षित वाटेने आत या. कॉलेजात असाल तर प्रोजेक्टर विद्यार्थ्यांच्या वायफायपासून वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच तारांवरच्या स्वतंत्र नेटवर्कमध्ये) ठेवा आणि पासवर्ड लावा. तसं केलं नाही तर एखाद्या कंटाळवाण्या तासाला प्रोजेक्टर आपोआप बंद पडेल, आणि वर्गातल्या कोणालाच त्याचं कारण माहीत नसेल.

एचडीएमआय केबल आहेच. त्यातून नाही का होणार?

एचडीएमआयमध्ये जोडलेल्या उपकरणांना आज्ञा द्यायची सीईसी नावाची सोय आहे, पण संगणकाची ग्राफिक्स कार्डं सहसा ती वापरत नाहीत आणि कार्यालयीन प्रोजेक्टरांत ती असेलच याची खात्री नसते. रास्पबेरी पाय तिच्यातून बोलू शकतो. घरच्या टीव्हीसाठी ठीक आहे. हॉलसाठी लॅनची केबल ओढा.